कोकणात ट्रेलर नेताय? लहान फ्रिजचं गणित आधी समजून घ्या

कॅम्पिंग ट्रेलरमधला फ्रिज असतो ३० ते ५० लिटरचा. घरी अडीचशे लिटरचा फ्रिज वापरणारा माणूस पहिल्या सहलीला त्याच सवयीने सामान भरतो, वाटेत घेतलेल्या पाण्याच्या सहा कोमट बाटल्या आत कोंबतो आणि संध्याकाळी दूध नासलं की फ्रिजच्या नावाने खडे फोडतो. फ्रिज बहुतेक वेळा धडधाकट असतो. गार वस्तू गार ठेवणं त्याला सहज जमतं, पण गरम वस्तू गार करायला त्याला फार वेळ आणि फार वीज लागते. किनाऱ्यावर त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, दमट हवा आणि ताजी मासळी.

खालचे आकडे ४०-४५ लिटरचा फ्रिज, दोन-तीन माणसं आणि चार दिवस असे धरून दिले आहेत.

१. तुमचा फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते बघा

दिसायला तिन्ही जाती सारख्याच, वागायला अगदी वेगळ्या.

कॉम्प्रेसरचा फ्रिज १२ किंवा २४ व्होल्टवर थेट बॅटरीवर चालतो. हा घरच्या फ्रिजचाच धाकटा भाऊ. चालू असताना ४०-५० वॉट घेतो आणि थोडा कलला तरी त्याचं काही अडत नाही. कोकणासाठी हाच घ्या.

तिहेरी फ्रिज गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज या तिन्हींवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवून थंडावा तयार होतो. आवाज शून्य, पण उकाड्यात दमतो. बाहेर ३२-३५ अंश झाले की आतला काटा वर सरकायला लागतो. शिवाय तो सपाट उभा असावाच लागतो.

तिसरी जात म्हणजे पंखा लावलेली थर्मोइलेक्ट्रिक पेटी, जिला दुकानदार बिनदिक्कत 'कार फ्रिज' म्हणतात. ती बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर १८-२० अंश खाली जाते. एप्रिलमध्ये गुहागरला दुपारी ३३ अंश असतील, तर आत १३ ते १५. त्यात सरबत ठेवा. दूध आणि मासे ठेवू नका.

फ्रिजच्या मागच्या पाटीवर व्होल्ट, अँपिअर आणि मॉडेल नंबर असतो. फ्रिज खणात बसवण्याआधी त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. नंतर वायरमनला तोच लागतो आणि तेव्हा पाटी भिंतीकडे गेलेली असते.

२. सोबत काय घ्यायचं

- वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर. फ्रिजच्या पॅनलवरचा आकडा आतल्या थंड पत्र्याजवळचा (जिथे थंडावा तयार होतो) असतो, दुधाजवळचा नव्हे.
- मल्टिमीटर, साधा असला तरी चालेल
- सुटे फ्यूज, फ्रिजच्या माहितीपुस्तकात लिहिलेल्या अँपिअरचेच
- पाणसळ (स्पिरिट लेव्हल), छोटी
- घट्ट झाकणाचे चौकोनी डबे, त्यातला एक खाली जाळी असलेला
- मासळीसाठी वेगळी थर्माकोलची किंवा जाड प्लॅस्टिकची बर्फपेटी
- मऊ ब्रश, सुती फडकी, खायचा सोडा
- पेट्रोलियम जेली, वायरींच्या टोकांसाठी

चौकोनी डब्यांचा आग्रह उगाच नाही. गोल डबा चौकोनी जागेतली एकवीस टक्के जागा वाया घालवतो. मोठ्या फ्रिजमध्ये ते खपून जातं, चाळीस लिटरमध्ये आठ लिटर गेले म्हणजे दोन दिवसांचं जेवण गेलं.

३. बॅटरी आणि वायर

४५ वॉटचा कॉम्प्रेसर किनाऱ्यावरच्या उकाड्यात दिवसाचा निम्मा वेळ चालतो असं धरा. म्हणजे दिवसाला ५४० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत साधारण १२८० वॉट-तास असतात, तेव्हा फक्त फ्रिज चालवला तर दोन दिवस निघतात. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी वापरणार असाल तर तिच्या १८०० पैकी निम्मेच हिशेबात घ्या. त्याखाली वारंवार उतरवली की ती लवकर म्हातारी होते. ती उभीच ठेवावी लागते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे झोपायच्या जागेत बंद खणात ती नको.

बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर अॅडॉप्टर, अॅडॉप्टरवर फ्रिज असा द्राविडी प्राणायाम करू नका. प्रत्येक पायरीवर वीज गळते. फ्रिज १२ व्होल्टचा असेल तर थेट बॅटरीवरच जोडा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वायरीत. बॅटरी पुढे आणि फ्रिज मागे, अंतर पाच मीटर. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची वायर झाली. १.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच पडतात. बॅटरीवर १२.२ आहेत, फ्रिजपाशी ११.६ पोचतात. फ्रिजच्या आत बॅटरी वाचवणारा कटऑफ असतो, व्होल्ट ठरलेल्या आकड्याखाली गेले की तो फ्रिज बंद करतो. तो 'हाय'वर ठेवलेला असेल तर अर्धी बॅटरी शिल्लक असतानाच फ्रिज बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती ०.१५ व्होल्टवर येते. फरक काही शे रुपयांचा. बॅटरीच्या जवळ फ्यूज, टोकांना कलई केलेले लग (वायरीवर दाबून बसवायची धातूची टोकं) आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात. खाऱ्या वाऱ्यात उघडं तांबं एका मोसमात हिरवं पडतं.

कटऑफ कुठे ठेवायचा? गाडी सुरू करायच्या बॅटरीवर फ्रिज असेल तर 'हाय'. ट्रेलरला वेगळी बॅटरी असेल तर 'लो' किंवा 'मीडियम', बॅटरी बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा बघून. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर कायमची भिस्त नको; घाटातल्या हादऱ्यांनी पिन सैल होते, तापते आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सोलरबद्दल थोडं. २०० वॉटचं पॅनल हिवाळ्यात, स्वच्छ उन्हात दिवसाला सातशेच्या आसपास वॉट-तास देतं. म्हणजे फ्रिज निघतो. पण पॅनलला ऊन हवं आणि फ्रिजला सावली. छतावर पक्कं बसवलेलं पॅनल या भांडणात हरतं. घडीचं पॅनल आणि पाच मीटर केबल घ्या, ट्रेलर सावलीत लावा, पॅनल अंगणात टाका.

४. निघण्याच्या आदल्या दिवशी

फ्रिज २४ तास आधी घरच्या विजेवर लावा. तिहेरी फ्रिजला तर याशिवाय गत्यंतर नाही, त्याला रिकामा थंड व्हायलाच सहा-आठ तास लागतात. सामान आधी घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर गार करून मगच हलवा.

हिशेब असा. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ४ वर आणायला सुमारे ३० वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. कोमट बाटल्या सहा ठेवल्या की १८० झाल्या. तेवढी उष्णता निघेपर्यंत आतल्या दुधाला, दह्याला त्या बाटल्या शेकत असतात. उलट एक लिटरची गोठवलेली बाटली वितळताना नव्वदच्या वर वॉट-तास उष्णता गिळते. तेव्हा घरच्या फ्रीझरमध्ये दोन बाटल्या गोठवा आणि तळाशी ठेवा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं.

ओल्या खोबऱ्याचं वाटप घरूनच करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका वेळच्या कालवणाला चार-पाच गोळे लागतात. ते सुटे करून पिशवीत भरा. जागा थोडी, मिक्सरची कटकट नाही आणि पहिले दोन दिवस हेच गोळे बर्फाचंही काम करतात. वितळले की मात्र त्याच दिवशी वापरा. ओलं खोबरं आंबायला वेळ लागत नाही.

५. आत काय, बाहेर काय

आत जायलाच हवं असं फार थोडं असतं: दूध, दही, वाटप, खवलेला नारळ, उरलेली आमटी किंवा भाजी, चिकन, लोणी आणि इन्सुलिनसारखी औषधं असतील तर ती. औषधं थंड पत्र्याला किंवा गोठलेल्या बाटलीला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

बाहेर राहू शकतं ते बघा. न फोडलेलं टेट्रापॅकचं दूध. कोकमाचं आगळ, त्यात मीठच इतकं असतं. अख्खा नारळ, कांदे, बटाटे, लिंबं. दुकानात बाहेरच ठेवलेली अंडी सावलीत चार दिवस सहज राहतात. सुके बोंबील, जवळा बाहेरच, पण घट्ट डब्यात, नाहीतर पांघरुणांनाही वास लागेल. अढीतला हापूस आत ठेवूच नका. १२-१३ अंशांखाली कच्चा आंबा धड पिकत नाही, सालीवर डाग पडतात. पूर्ण पिकलेला एक-दोन दिवस आत चालतो, पण इतका पिकलेला आंबा इतके दिवस उरतो कुठे?

सोलकढी करून ठेवायची वस्तू नाही. आगळ बाहेर, नारळाचं दूध जेवणाच्या आधी काढा. घावनाचं पीठ लगेच वापरायचं, म्हणून फ्रिजची गरजच नाही. आंबोळीचं मात्र अर्धाच डबा भरा. घाट उतरताना ते फुगून झाकणाबाहेर आलं तर सगळा फ्रिज धुवावा लागतो.

प्यायचं पाणी? घाटावर माठ ठेवला की प्रश्न मिटतो. किनाऱ्यावर हवा आधीच पाण्याने भरलेली, माठातलं पाणी उडायचं कसं? दोन-चार अंशांचाच फरक पडतो. म्हणून पाण्याच्या बाटल्या बर्फपेटीत.

६. घाट आणि जेट्टी

जड वस्तू खाली, दाराची कडी लावलेली आणि मोकळ्या जागेत फडकी कोंबलेली. आंबा घाट किंवा ताम्हिणी उतरल्यावर फ्रिजचं दार पहिल्यांदा उघडताना हात खाली धरून हळूच उघडा.

तिहेरी फ्रिज असेल तर चालत्या गाडीत तो १२ व्होल्टवर ठेवा आणि थांबलात की लगेच बदला. १२ व्होल्टवर तो दहा-पंधरा अँपिअर ओढतो. जेवायला दीड तास थांबलात तर गाडी सुरू व्हायची नाही. पेट्रोल पंपावर, बोगद्यात आणि फेरीबोटीवर गॅस सिलिंडरपाशीच बंद. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, कुठलीही जेट्टी असो, रांगेत उभं राहण्याआधी बंद करा, बोटीवर चढताना ते सुचत नाही. ओहोटीला उताराचा कोन वाढतो आणि लांब ट्रेलरची शेपटी घासते, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

७. ट्रेलर कुठे आणि कसा उभा करायचा

फ्रिजच्या जाळ्या ज्या बाजूला आहेत ती बाजू पश्चिमेला नको. दुपारी दोन ते सहा त्या पत्र्यावर ऊन पडलं की फ्रिज तापलेल्या हवेतच उष्णता फेकत राहतो. सुरूच्या बनाची सावली उत्तम. माडाखाली उभं करू नका. नारळ आणि झावळ दोन्ही छतावर येतात आणि सूचना देऊन येत नाहीत.

तिहेरी फ्रिजसाठी पाणसळ फ्रिजच्या तळावर ठेवून दोन्ही दिशांनी सपाट करा. साधारण तीन अंशांपेक्षा जास्त आडवा कल नको. आतलं मिश्रण एका जागी साचतं आणि पुढे फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. जॅकखाली रेतीत फळी किंवा जांभ्याचा चिरा घाला, नाहीतर रात्रीत पाय रुततो आणि सकाळी सगळं पुन्हा तिरकं.

वीज घरमालकाकडून घेणार असाल तर आधी मल्टिमीटरने बघा. वाडीच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी १८० व्होल्ट मिळणं नवीन नाही. कॉम्प्रेसरच्या फ्रिजचा अॅडॉप्टर बहुतेक वेळा तेवढ्यावर चालतो (अॅडॉप्टरवर किती ते किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा). तिहेरी फ्रिजच्या हीटरला मात्र १८० वर पूर्ण ताकदीच्या जेमतेम ६१ टक्के उष्णता मिळते. तो 'चालू' दिसतो, गार होत नाही. तिथे गॅसवर न्या आणि ट्रेलरची हवा खेळती ठेवा. अर्थिंग आहे की नाही हे विचारायला संकोच करू नका.

फ्रिजच्या मागे आणि बाजूंना किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा, खाली हवा आत यायला जाळी आणि वर बाहेर जायला. खणात हवा कोंडत असेल तर संगणकातला १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा वरच्या जाळीपाशी लावा. पाव-अर्धा अँपिअर घेतो आणि कॉम्प्रेसरचा चालण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी करतो.

८. मासळी

इथे घाई करू नका. पोट बिघडतं ते बहुतेक इथेच.

फ्रिजमध्ये ३-४ अंश असतात, मासळीला लागतात ० ते २. म्हणजे मासळीची खरी जागा बर्फात आहे. मासेमारी बंदरांच्या आसपास बर्फाचे कारखाने असतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, देवगड इथे बंदरावर विचारा, लादीचा तुकडा मिळतो. पाच किलो बर्फ वितळताना ४६० वॉट-तासांच्या वर उष्णता ओढतो, म्हणजे तुमच्या फ्रिजचं जवळजवळ दिवसभराचं काम. हा बर्फ मासळीसाठीचा असतो, सरबतात घालायचा नाही. जाड पिशवीत बांधून पेटीत ठेवा, वितळलेलं पाणी रोज ओता.

मासे विकत घेताना तिथेच साफ करून घ्या: खवले, कल्ले, आतडी सगळं. ट्रेलरमध्ये ते धुवायला पाणीही नसतं आणि घाण टाकायला जागाही. जागेवर आलात की एकदा स्वच्छ पाण्याने धुवा, चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग सुती फडक्याने टिपा. ओला मासा लवकर बिघडतो. तुकड्या जाळीच्या डब्यात एका थरात लावा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जाईल आणि मासा त्यात बुडून राहणार नाही. मीठ, हळद, आगळ तळायच्या अर्धा तास आधी लावा; सकाळी लावून ठेवलं तर मीठ पाणी ओढतं आणि तुकडी मऊ पडते. कोलंबीची डोकी लगेच काढा.

बंदर ते ट्रेलर अंतर अर्ध्या तासाचं असलं तरी बर्फपेटी सोबत न्या. ३२ अंशांच्या पुढच्या उन्हात तासाभरापेक्षा जास्त वेळ उघडी राहिलेली मासळी खाऊ नये. बांगडा, तारली, कुपा आणि सुरमई यांच्याबाबत हे जास्तच कडक पाळा. हे मासे गरमीत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. ते उकळून किंवा तळून जात नाही, तिरफळाने झाकलं जात नाही आणि वासावरून दर वेळी कळतही नाही. बांगडा त्याच दिवशी संपवा. बाकीचे फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

फ्रिजमध्येच ठेवायची वेळ आली तर घट्ट डबा, अगदी तळाशी. मासळीचं पाणी दुधाच्या पिशवीवर ठिबकायला एक वळण पुरतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत खाडीची मासळी, नाहीतर सुकं.

९. रोजचं काम

सकाळी सात आणि दुपारी चार, दोन वेळा थर्मामीटर बघा. सेन्सर छोट्या पाण्याच्या बाटलीत बुडवून मध्यभागी ठेवा. नुसत्या हवेतला आकडा दार उघडलं की उड्या मारतो. चारला ५ अंशांच्या वर दिसत असेल तर रात्रीपर्यंत वाट न बघता कारण शोधा.

दार उघडण्याची एवढी धास्ती नको. चाळीस लिटर गार हवा पूर्ण गेली तरी तिची भरपाई एका वॉट-तासाच्या आतबाहेर असते. दिवसात वीस वेळा उघडलं तरी एका कोमट बाटलीहून कमी. खरा त्रास आत शिरलेल्या बाष्पाचा. त्याचा दव होतो, दवाचा बर्फ होतो आणि थंड पत्र्यावर त्याची गोधडी बसते. जाडी तीन-चार मिलिमीटर झाली की फ्रिज बंद करून वितळवा. सुरीने खरवडायचं नाही, एका ओरखड्यात गॅस गेला की दुरुस्ती फ्रिजच्या किमतीत जाते.

त्याहून वाईट म्हणजे न बसणारं रबर, कारण ते दिवसरात्र गळतं. दहाची नोट दारात अडकवून ओढा. चारही बाजूंना थोडा जोर लावावा लागला तर ठीक. सहज सुटली तर आधी रबराच्या खाचेतली वाळू काढा, सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा. नव्वद टक्के वेळा वाळूच असते.

रात्रीचं उरलेलं कालवण पातेल्यासकट आत ढकलू नका. परातीत पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा, मधून मधून ढवळा. वीस मिनिटांत कोमट होतं. मग चपट्या डब्यात. भात मात्र उरणार नाही इतकाच शिजवा. कोकणच्या हवेत बाहेर राहिलेला भात पुन्हा गरम करून सुरक्षित होत नाही.

१०. गार होत नाही? या क्रमाने बघा

फ्रिजपाशी व्होल्ट मोजा, कॉम्प्रेसर चालू असताना. बंद असताना मोजलेला आकडा फसवा. व्होल्ट कमी असतील तर फ्यूजची बैठक, लग, वायर. व्होल्ट ठीक असतील तर मागची जाळी. तिथे मीठ आणि केरसुणीचे तुकडे मिळून जाड थर बसतो, मऊ ब्रशने काढा, पाण्याचा फवारा मारू नका. मग रबर. मग बर्फाची गोधडी. मग तुम्ही आत काय गरम ठेवलंत ते आठवा. एवढं झाल्यावर मेकॅनिक.

कॉम्प्रेसर चालतो, मागची नळी तापतच नाही आणि आत काहीच गार नाही, असं असेल तर गॅस गेलेला असू शकतो. ते रस्त्यात जमणारं काम नव्हे. सामान बर्फपेटीत हलवा.

११. परतल्यावर आणि पावसाळ्यासाठी

त्याच दिवशी रिकामा करा. सोड्याच्या पाण्याने पुसा, तळातलं पाणी जायचं बूच असेल तर काढून त्यात काडी फिरवा, रबराच्या घड्या उलगडून कोरड्या करा. दार बंद करून ठेवलात तर जुलैत आत काळी बुरशी लागलेली मिळेल. दाराच्या कडीत गुंडाळलेलं फडकं अडकवून दोन बोटांची फट ठेवा. फ्यूज काढून पाकिटात घाला आणि पाकीट फ्रिजच्या आतच चिकटवा. ऑक्टोबरमध्ये तो कुठे ठेवला हे कोणालाच आठवत नाही.